नऊ वर्षांचा स्लाइस आणि बारा आठवडे लाँच मॉनिटरसमोर

गेली नऊ वर्षं गोल्फमध्ये माझा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी (क्लब), एकाच पद्धतीने बिघडतोय. बॉल आधी जरासा डावीकडे निघतो, मग मधेच विचार बदलल्यासारखा उजवीकडे वळायला लागतो आणि थेट झाडीत. यालाच स्लाइस म्हणतात. मी उजव्या हाताने खेळतो, त्यामुळे खाली जिथे डावं-उजवं येईल ते त्या हिशोबाने वाचा, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्या. या नऊ वर्षांत मला सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. डोकं वर उचलतोस, ग्रिप घट्ट धरतोस, फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) उघडा, म्हणजे उजवीकडे बघत राहतोय, डावीकडे नेम धर... हा शेवटचा सल्ला मी सगळ्यात मनापासून पाळला आणि तोच सगळ्यात महागात पडला, ते पुढे येईलच.

डिसेंबरच्या शेवटी एकदाचा वैतागलो आणि लाँच मॉनिटरवर (बॉल आणि क्लब कसे जातात ते मोजणारं मशीन) कोचबरोबर आठ सेशनचं पॅकेज घेतलं. स्वस्त नव्हतं. एका सेशनच्या फीत प्रॅक्टिस रेंजवर सहा-सात बादल्या बॉल मारून झाले असते, आणि बायकोने नेमका हाच हिशोब मला तोंडावर सांगितला. पण त्या सहा-सात बादल्यांत मी तोच स्लाइस आणखी पक्का करत होतो हे मलाही कळत होतं. २७ डिसेंबरला फॉर्म भरला: वय, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा), पाठीचं-गुडघ्याचं काही दुखणं, कुठले क्लब, शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी कुठली (मला माहीतच नव्हतं, घरी येऊन शाफ्टवरचं स्टिकर वाचलं), आणि इजा झाली तर जबाबदारी माझी अशी सही. पॅकेज पहिल्या सेशनपासून ९० दिवसांत संपवायचं, २४ तास आधी कळवलं नाही तर सेशन गेलं. संध्याकाळचे स्लॉट तीन आठवडे फुल होते, त्यामुळे पहिली तारीख मिळाली १८ जानेवारी. घाई असेल तर दुपारचे स्लॉट विचारा, ते बहुतेक रिकामे असतात.

पहिलं सेशन म्हणजे नुसतं मोजमाप. कोच काहीच बोलत नव्हते, मी मारतोय आणि स्क्रीनवर आकडे पडतायत. ही मशीन ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक रडारवाली, मागे ठेवायची, डॉप्लर रडारने बॉलचा आणि क्लबचा माग काढणारी. ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीने २००३ पासून याच कामात नाव काढलं. दुसरी कॅमेरावाली, बॉलच्या शेजारी ठेवायची, इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब बॉलला लागतो त्या क्षणाचे फोटो काढून हिशोब करणारी. रडारला बॉल थोडा तरी उडताना दिसावा लागतो, म्हणून बंद खोलीत मागे-पुढे पुरेशी जागा लागते आणि स्पिन (बॉलचं स्वतःभोवती फिरणं) नीट मोजता यावा म्हणून बॉलवर चमकणारा ठिपका चिकटवतात. कॅमेऱ्याला क्लबचे आकडे हवे असतील तर फेसवर ठिपके लावावे लागतात. आपण जिथे जाणार तिथे कुठलं आहे ते आधी विचारा, कारण काही स्वस्त मशीन फक्त बॉलचं मोजतात आणि क्लबचं अंदाजाने सांगतात. मला तर क्लबचंच हवं होतं.

तर माझे पहिल्या दिवशीचे ड्रायव्हरचे सरासरी आकडे असे: क्लब स्पीड ताशी ८८ मैल, बॉल स्पीड १२२, म्हणजे स्मॅश फॅक्टर १.३९. स्मॅश फॅक्टर म्हणजे बॉलच्या स्पीडला क्लबच्या स्पीडने भागायचं, बस, त्यात दुसरं काही गूढ नाही. ड्रायव्हरला हा जास्तीत जास्त १.५च्या आसपास जातो, कारण फेस किती उसळी देऊ शकतो यावर नियमांचीच मर्यादा आहे. लाँच (बॉल वर सुटतो तो कोन) ९ अंश, स्पिन मिनिटाला ३७०० फेरे, अटॅक अँगल उणे ५, म्हणजे टीवरच्या (छोट्या खुंटीवर ठेवलेल्या) बॉलवर मी कुऱ्हाड मारल्यासारखा खाली येत होतो. आणि कॅरी, म्हणजे बॉल हवेतून गेलेलं अंतर, १६१. हे १६१ बघून माझा चेहराच पडला, मग कोच हसून म्हणाले, "अहो, मीटर आहेत ते." यार्डांत १७६. सेटिंगमध्ये युनिट आधी बघून घ्या, उगाच छातीत धडकी भरते.

पण खरी गंमत पुढच्या दोन आकड्यांत होती. क्लब पाथ (इम्पॅक्टला क्लब ज्या दिशेने फिरत असतो ती) उणे ७, फेस अँगल उणे १, उणे म्हणजे टार्गेटच्या डावीकडे. नऊ वर्षं लोक सांगत होते फेस उघडा आहे, आणि मशीन सांगतंय फेस टार्गेटच्या जरा डावीकडेच बघतोय, म्हणजे उलट किंचित बंद! मी म्हटलं मशीन बिघडलंय. कोचनी कागद घेतला आणि दोन बाण काढून दाखवले. बॉल ज्या दिशेला सुटतो ती बहुतांशी फेस ठरवतो, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के, आयर्नला (मधल्या अंतरांचे धातूचे पातळ क्लब) ७५ च्या आसपास. आणि बॉल हवेत वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. माझा फेस टार्गेटच्या १ अंश डावीकडे पण पाथ ७ अंश डावीकडे, म्हणजे पाथच्या हिशोबाने फेस ६ अंश उघडा. म्हणून बॉल जरासा डावीकडे सुटतो आणि मग उजवीकडे वळतो. तंतोतंत माझा शॉट! पूर्वी हे उलटं शिकवलं जायचं, की पाथ सुरुवातीची दिशा ठरवतो आणि फेस वळण. मलाही तसंच शिकवलं होतं, आणि बॉल उजवीकडे जातोय तर आणखी डावीकडे मारू म्हणत मी दर वर्षी पाथ अजून डावीकडे नेत होतो. स्लाइसवरचा माझा उपाय हाच स्लाइसचं खतपाणी होता.

घरी आलो आणि रिपोर्ट आलाच नाही. दोन दिवसांनी कळलं की फॉर्मवर मी ईमेलमध्ये एक अक्षर चुकवलं होतं, सेशन कुठल्यातरी भलत्याच अकाउंटला जोडलं गेलं आणि ते हलवता येत नाही म्हणे. नशीब मी स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढले होते. तेव्हापासून दर सेशनला निघताना शेवटच्या स्क्रीनचा फोटो काढायचा हा नियम केला.

२५ जानेवारी, दुसरं सेशन. यात कोचनी एक खेळ लावला जो मला वाटतं सगळ्यात उपयोगी ठरला. मारल्यावर स्क्रीनकडे बघायचं नाही, आधी सांगायचं: बॉल फेसवर कुठे लागला, आणि सुरुवात डावीकडे की उजवीकडे. वीस बॉलमध्ये माझं फेसवरचं ठिकाण सात वेळा बरोबर आलं. सात! मला "एकदम मधोमध" वाटलेले शॉट हीलकडे (फेसच्या दांडीजवळच्या बाजूला) लागत होते, आणि "अरे आता खूपच आतून बाहेर मारला" असं वाटलं तेव्हा पाथ उणे ४ होता, म्हणजे अजूनही बाहेरून आतच, डावीकडेच. अंगाला जे प्रचंड वेगळं वाटतं ते प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचं असतं. हे कळल्यावर मी "नैसर्गिक वाटतंय का" हा प्रश्न स्वतःला विचारणं सोडलं, नैसर्गिक वाटत होतं म्हणून तर नऊ वर्षं झाडीत होतो.

८ फेब्रुवारीला मी स्वतःच शहाणपणा केला. मधल्या दोन आठवड्यांत इकडे-तिकडे वाचून डोक्यात बसलं होतं की ड्रायव्हर वर जाताना मारायचा. ट्रॅकमॅनचा बरीच वर्षं फिरणारा एक सरासरीचा तक्ता आहे, त्यात पीजीए टूरचा (पुरुष व्यावसायिकांचा) ड्रायव्हरचा क्लब स्पीड ११३ आणि अटॅक अँगल उणे १.३, आणि एलपीजीएचा (महिला व्यावसायिकांचा) स्पीड ९४ आणि अटॅक अधिक ३. माझ्यासारख्या ८८ वाल्याने पुरुषांच्या टूरकडे बघण्यापेक्षा एलपीजीएकडे बघावं हे माझं मत आजही तेच आहे, स्पीड कमी असेल तर वर मारून लाँच वाढवणं आणि स्पिन कमी करणं जास्त फायद्याचं. इथपर्यंत बरोबर होतं. पण वर मारायचा सोपा मार्ग म्हणून मी काय केलं, तर उभं राहताना बॉल पायांच्या हिशोबाने पुढे, टार्गेटकडे नेला. अटॅक उणे ५ वरून उणे २ वर आला, मी खूश, आणि बॉल पूर्वीपेक्षाही जास्त वळायला लागले. पाथ उणे ९!

कोचनी एक हुलाहूप आणून जमिनीवर तिरका धरला (खरंच, हे सगळ्यांना करून बघायला सांगेन). क्लब अशा तिरक्या वर्तुळात फिरतो. वर्तुळाच्या तळाच्या आधी क्लब खाली आणि बाहेर, म्हणजे उजवीकडे जात असतो. तळानंतर वर आणि आत, म्हणजे डावीकडे. मग बॉल पुढे नेला की क्लब त्याला उशिरा भेटतो, अटॅक वर होतो पण त्याच वेळी पाथ डावीकडे सरकतो. दोन्ही एकाच हुपाचे भाग आहेत, एक हलवला की दुसरा हलणारच. म्हणून वर मारायचं असेल तर अख्खा हूपच उजवीकडे वळवावा लागतो. मी पूर्वी एक आकडा दुरुस्त केला की जिंकलो समजायचो. इथे एका आकड्याच्या दुरुस्तीने दुसरा मोडला आणि तो का मोडला हे डोळ्यासमोर दिसलं, याच सेशनला मी सगळ्यात जास्त शिकलो असं मला वाटतं, जरी त्या दिवशी रडकुंडीला आलो होतो.

त्याच दिवशी आणखी एक प्रकार. सुरुवातीचे दहा बॉल सगळेच उजवीकडे सुटलेले दाखवत होतं, पाथही बराच सुधारलेला. मी मनातल्या मनात पार्टीची तयारी करतोय आणि कोचना शंका आली. बॉल पडद्यावर लागतोय मधोमध आणि मशीन म्हणतंय तीन अंश उजवीकडे. आधीच्या कोणीतरी मशीन जरासं ढकललं होतं, टार्गेट लाइनच चुकली होती. फेस आणि पाथ दोन्ही टार्गेट लाइनपासून मोजतात, त्यामुळे मशीन वाकडं तर सगळे दिशेचे आकडे वाकडे. वेग आणि स्मॅश मात्र ठीक राहतात, आणि फेस-पाथमधला फरकही, कारण दोघं सारखेच सरकतात. आता मी दर वेळी आधी जमिनीवर काठी ठेवून लाइन जुळवून घेतो, पाच मिनिटं जातात पण जाऊ देत.

१५ फेब्रुवारीचं सेशन मी बुडवलं. ताप आला, सकाळी फोन केला, २४ तासांचा नियम, सेशन गेलं. वाद घालून उपयोग नव्हता, सही माझीच होती.

१ मार्च. पाथ आता उणे ३-४ वर आला होता. यासाठी उजवा पाय जरा मागे आणि पाठ टार्गेटकडे जास्त वेळ ठेवायची इतकंच सांगितलं होतं, घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं, बॉलशिवाय. पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. काही शॉटना पाथ आणि फेसमधला फरक जेमतेम १.५ अंश, म्हणजे जवळजवळ सरळ जायला हवं, आणि तरी बॉल ढळढळीत उजवीकडे वळतोय, स्पिन अ‍ॅक्सिस १४ अंश उजवीकडे कललेला. (बॉलला बॅकस्पिन वेगळा आणि साइडस्पिन वेगळा असं नसतं बरं का, एकच स्पिन, एकच आस, ती कलली की बॉल वळतो.) मी म्हटलं हे तुमचं फेस-पाथचं गणित फसलं इथे.

कोचनी व्हाइटबोर्डचा मार्कर काढला आणि ड्रायव्हरचा फेस रंगवला. पुढचा बॉल मारला, रंगावर बॉलचा ठसा उठला, मध्यापासून जवळजवळ दोन सेंटिमीटर हीलकडे. ड्रायव्हरचं वजन फेसच्या बरंच मागे असतं, त्यामुळे बॉल हीलवर लागला की क्लबचं डोकं हातात फिरतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना उलटं फिरवतात तसा बॉलला उलट्या बाजूचा स्पिन देतं. हीलवर लागला की स्लाइसचा स्पिन, टोवर (फेसच्या टोकाकडे) लागला की हुकचा, म्हणजे डावीकडे वळवणारा. यालाच गिअर इफेक्ट म्हणतात. ड्रायव्हरचा फेस आडवा फुगीर असतो तो यासाठीच, की हीलवर लागलेला बॉल आधी थोडा डावीकडे सुटावा आणि मग वळून परत यावा. आयर्नमध्ये वजन फेसच्या जवळच असतं म्हणून तिथे हे फारसं जाणवत नाही. म्हणजे माझ्या स्लाइसचे बाप दोन निघाले, एक पाथ आणि एक हील, आणि मी नऊ वर्षं एकालाही ओळखत नव्हतो. स्मॅश १.३९ का होता तेही इथेच कळलं, ताकद कमी नव्हती, ठिकाण चुकत होतं.

यावर ड्रिल अगदी साधं. दोन बॉल शेजारी-शेजारी ठेवायचे, उभं राहताना क्लब लांबच्या बॉलमागे ठेवायचा आणि मारायचा जवळचा. पहिले पंधरा वेळा मी दोन्ही उडवले. मार्करचा खर्च नगण्य आहे आणि मशीन नसलं तरी हे करता येतं, किंबहुना ज्यांना लाँच मॉनिटर परवडत नाही त्यांनी मार्कर तरी घ्याच. फक्त स्पर्धेत खेळायच्या आधी फेस पुसून ठेवा.

१५ मार्च पूर्ण ७ नंबरच्या आयर्नला दिला. पहिल्या दिवशीचे आकडे: क्लब स्पीड ७४, बॉल स्पीड ९२, अटॅक जेमतेम उणे अर्धा, लाँच २३, कॅरी १२२ यार्ड. उंच जायचा आणि धपकन पडायचा, आणि मला तो उंच शॉट फार आवडायचा. तो पळी घालून उचलल्यासारखा होता, मनगटं इम्पॅक्टच्या आधीच सुटायची आणि फेसचा लॉफ्ट (मागे कललेला कोन) वाढायचा. वर उल्लेख केलेल्या तक्त्यात पीजीए टूरच्या ७ नंबरचा अटॅक उणे ४.३ आहे, म्हणजे बॉलवर खाली येत, आधी बॉल मग जमीन. यात मॅटची एक फसवणूक सांगून ठेवतो. क्लब बॉलच्या मागे जमिनीला लागला तरी मॅटवरून घसरत येऊन बॉलला लागतो, आकडे बऱ्यापैकी येतात आणि तुम्ही खूश. गवतावर तोच शॉट वीस यार्ड जातो. म्हणून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर दुमडलेला टॉवेल ठेवायचा, टॉवेलला लागला तर आकडा काहीही असो, तो बॉल मोजायचा नाही. चाळीस मिनिटांनी अटॅक उणे ३.५, बॉल स्पीड ९८, कॅरी १३४. स्विंगचा वेग तोच, ७४.

मोजण्यावरून आठवलं, स्क्रीनवर खराब शॉट पुसायची सोय असते. २९ मार्चला सगळ्या क्लबांचं अंतर काढायचं होतं तेव्हा मी हळूच तीन-चार पुसले. ड्रायव्हरची सरासरी १९६ आली. कोचनी पुसलेले परत आणले, १८१. म्हणाले, "मैदानावर पुसता येणार आहेत का?" गप्प बसलो. त्याच दिवशी दिसलं की माझ्या ४ आणि ५ नंबरच्या आयर्नच्या कॅरीत फक्त ४ यार्डांचा फरक आहे, म्हणजे ४ नंबर मी उगाच खांद्यावर वाहत होतो. तो काढून टाकला. अंतर काढताना एकूण अंतर बघू नका, कॅरी बघा, कारण पुढचं घरंगळणं मशीन एका ठरावीक जमिनीवर गृहीत धरतं. आणि पन्नास-साठ बॉलनंतर थांबा. माझा वेग तिथून ताशी तीन-चार मैलांनी पडायला लागतो आणि मग ती थकलेल्या माणसाची अंतरं होतात. रेंजचे जुने बॉल असतील तर तेही विचारा, ते नीट बॉलसारखे उडत नाहीत.

शेवटचं १२ एप्रिल, मुदत संपायच्या सहा दिवस आधी. एकही बॉल न पुसता ड्रायव्हर: क्लब स्पीड ८८, तोच. बॉल स्पीड १२७, स्मॅश १.४४. अटॅक उणे अर्धा, लाँच १३, स्पिन २८००, पाथ उणे २.५, फेस शून्याच्या आसपास. कॅरी १९९. म्हणजे २३ यार्ड वाढले आणि मी एक मैलभरही जोरात फिरवत नव्हतो. अधिक ३ चा अटॅक काही मला जमला नाही, आणि पाथही अजून डावीकडेच आहे. बॉल अजून उजवीकडेच वळतो पण आता झाडीपर्यंत जात नाही, बहुतेक वेळा. नवा ड्रायव्हर घेऊ का असं मी विचारलं होतं, तर उत्तर आलं की आधी दोन महिने रंग लावून मारा, मग बघू.

त्यानंतर दोन राउंड खेळलो. पहिल्यात चौथ्या होलपर्यंत प्रत्येक शॉटनंतर मान आपोआप खाली वळून स्क्रीन शोधत होती, बरोबरचा मित्र म्हणाला, "अरे, बॉल वर आहे, खाली काय बघतोस?" दुसऱ्यात एकच गोष्ट डोक्यात ठेवली, पाठ टार्गेटकडे, बाकी आकडे घरी. चौदा टी शॉटमध्ये दोन हरवले, पूर्वी पाच-सहा जायचे. एक हरवलेला तर चक्क डावीकडे गेला, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मला तो शोधायला कुठे जायचं हेच कळेना.

पुढचा सुटा स्लॉट ३ मेचा मिळालाय, संध्याकाळी साडेसातचा, या वेळी ईमेल दोनदा तपासून दिला. फक्त वेज (जवळच्या शॉटचे क्लब) बघायचेत. ४० ते ८० यार्डांत माझं नक्की काय चालतं ते मी आजवर कधी मोजलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर बघायची जरा भीतीच वाटतेय.